आठ बाइटांचा बिंदू आणि तीन वाटा: एका कंपायलरमधील कॉलिंग कन्व्हेन्शनचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका लहान कंपायलरचे आहे. भाषा आमची आणि बॅकएंडही आमचाच, म्हणजे मशीन कोड तयार करण्यापर्यंतचे सगळे काम आम्हीच लिहिलेले. सुरुवातीचे लक्ष्य एकच होते: ६४ बिटांच्या एक्स८६ प्रोसेसरवरचे लिनक्स. भाषेतून सी लायब्ररींना थेट कॉल करता यावा, ही पहिल्या दिवसापासूनची अट होती, कारण त्याशिवाय नव्या भाषेत कुणी काही उपयोगाचे लिहील अशी शक्यता नव्हती.

सीला कॉल करायचा म्हणजे त्या प्लॅटफॉर्मचा करार, म्हणजेच कॉलिंग कन्व्हेन्शन, पाळायचा. कोणते आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेले मूल्य) कोणत्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या, वेगवान जागेत) जाईल, काय स्टॅकवर (फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीत) जाईल, उत्तर कुठे मिळेल, कॉलनंतर कोणती रजिस्टरे जशीच्या तशी परत मिळतील, हे सगळे त्या करारात येते. लिनक्सवर तो सिस्टिम व्ही नावाने ओळखला जातो. त्यात पहिली सहा पूर्णांक आर्ग्युमेंटे आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८ आणि आर९ मध्ये जातात, आणि दशांश संख्या एक्सएमएम० ते एक्सएमएम७ मध्ये. एवढे कळल्यावर आम्ही बॅकएंडमध्ये रजिस्टरांची एक यादी लिहिली आणि कॉलिंग कन्व्हेन्शनचे काम झाले असे धरून पुढे गेलो. पुढच्या जवळपास सगळ्या चुका या एका समजातून निघाल्या: कॉलिंग कन्व्हेन्शन म्हणजे रजिस्टरांची यादी.

फंक्शनांना नुसत्या संख्या आणि पॉइंटर (मेमरीतले पत्ते) जात होते, तोवर हा समज खोटा ठरायचे कारणच नव्हते. मग स्ट्रक्ट आले, म्हणजे अनेक फील्डे एकत्र बांधलेले मूल्य. स्ट्रक्ट आर्ग्युमेंट म्हणून देताना आम्ही त्याची फील्डे सुटी केली आणि प्रत्येक फील्ड स्वतंत्र आर्ग्युमेंट असल्यासारखे पाठवले. आमच्याच भाषेत लिहिलेल्या सगळ्या टेस्ट पास झाल्या. दोन डबल (८ बाइटांच्या दशांश संख्या) असलेले स्ट्रक्ट घेणारी एक सी लायब्ररीही बिनतक्रार चालली, आणि आमचा विश्वास आणखी पक्का झाला.

अडचण

पहिली तक्रार आली ती आकृत्या काढणाऱ्या एका लायब्ररीच्या बाबतीत. तिथे बिंदू म्हणजे दोन फ्लोटांचे (४ बाइटांच्या दशांश संख्यांचे) स्ट्रक्ट, एक्स आणि वाय, मिळून ८ बाइट. आमच्या भाषेतून काढलेला प्रत्येक बिंदू एकाच आडव्या रेषेवर पडत होता. एक्स बरोबर, वाय नेहमी शून्य.

कारण सापडल्यावर ते अगदी साधे निघाले. सिस्टिम व्ही करार स्ट्रक्टकडे फील्डांच्या हिशेबाने बघत नाही, तो त्याचे आठ-आठ बाइटांचे तुकडे करतो. १६ बाइटांपर्यंतच्या स्ट्रक्टमधल्या प्रत्येक तुकड्याला एक वर्ग मिळतो. तुकड्यात सगळे दशांश असेल तर तो एक्सएमएम रजिस्टरमध्ये जातो. एखादाही पूर्णांक किंवा पॉइंटर असेल तर संपूर्ण तुकडा साध्या रजिस्टरमध्ये. दोन फ्लोट मिळून एकच तुकडा होतो, म्हणून सीला दोन्ही फ्लोट एक्सएमएम० मध्ये शेजारी-शेजारी हवे होते. आम्ही एक्स ठेवला एक्सएमएम० मध्ये आणि वाय एक्सएमएम१ मध्ये. मेमरीतून एकच फ्लोट रजिस्टरमध्ये भरणारी सूचना वरचे बिट शून्य करते, त्यामुळे सीला वायच्या जागी शून्यच दिसत होता.

दोन डबलांचे स्ट्रक्ट का चालले हेही लगेच कळले. तिथे प्रत्येक डबल हाच एक तुकडा असतो, त्यामुळे आमची फील्डांची वाटणी आणि कराराची तुकड्यांची वाटणी योगायोगाने जुळत होती.

मला जास्त लागली ती दुसरी गोष्ट. आमच्या स्वतःच्या टेस्टमध्ये हे कधीही पकडले गेले नसते. कॉल करणारा कोड आमचा आणि कॉल घेणारा कोडही आमचा. दोघांनी एकाच चुकीवर एकमत केले होते. कॉलिंग कन्व्हेन्शनमध्ये स्वतःशी सुसंगत असण्याला काहीच किंमत नाही, कारण करार दुसऱ्याशी असतो. हे वाक्य आज उघड वाटते, पण तेव्हा आमच्या टेस्टच्या हिरव्या रांगेकडे बघून ते कुणालाही सुचले नव्हते.

पहिला निर्णय, जो चुकला

इथे पहिला खरा निर्णयाचा क्षण होता आणि आम्ही घाई केली. बॅकएंडमध्ये एक अट घातली: लागोपाठ दोन फ्लोट एकाच स्ट्रक्टमधले असतील तर त्यांना जोडून एका रजिस्टरमध्ये ठेवा. बिंदू जागच्या जागी दिसू लागले. मग तीन फ्लोटांचे स्ट्रक्ट आले, १२ बाइटांचे. पहिले दोन एक्सएमएम० मध्ये, तिसरा एकटा एक्सएमएम१ मध्ये, दुसरी अट. मग एक इंट (पूर्णांक) आणि एक फ्लोट, ८ बाइट, इंट असल्यामुळे दोन्ही मिळून आरडीआयमध्ये, तिसरी अट. मग युनियन आले आणि तिथे मात्र अडलो.

युनियनमध्ये फ्लोट आणि इंट एकाच जागी बसतात. कराराप्रमाणे त्या तुकड्याचा वर्ग पूर्णांक ठरतो. पण बॅकएंडपर्यंत पोहोचेस्तोवर युनियन उरलेलेच नसे. मधल्या टप्प्यात प्रकार सपाट करून टाकले होते. बॅकएंडला दिसायचा तो नुसता ४ बाइटांचा तुकडा. पॅडिंग (फील्डांमधली रिकामी जागा) कुठे होते, आतले स्ट्रक्ट कुठे संपले, अ‍ॅरे होता की वेगवेगळी फील्डे होती, हे सगळे वाटेत हरवलेले. जो निर्णय घ्यायला प्रकाराची पूर्ण माहिती लागते, तो निर्णय आम्ही ती माहिती फेकून दिल्यानंतर घ्यायला बसलो होतो.

विंडोजवर काय झाले

याच सुमारास विंडोजवर जायचे ठरले. प्रोसेसर तोच, तेव्हा रजिस्टरांची यादी बदलली की झाले, असा अंदाज होता. यादी बदलली: आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९ आणि एक्सएमएम० ते एक्सएमएम३. छोटे प्रोग्रॅम चाललेही. मग एकामागून एक गोष्टी कोसळू लागल्या.

विंडोजवर मोजणी जागेप्रमाणे होते. इंट, डबल, इंट अशी तीन आर्ग्युमेंटे असतील तर लिनक्सवर ती आरडीआय, एक्सएमएम० आणि आरएसआयमध्ये जातात. विंडोजवर ती आरसीएक्स, एक्सएमएम१ आणि आर८ मध्ये जातात, कारण डबल दुसऱ्या जागेवर आहे. लिनक्ससाठी लिहिलेले दोन स्वतंत्र मोजणीदार इथे निरुपयोगी ठरले.

स्ट्रक्टचा नियम तर पूर्ण वेगळा. आकार १, २, ४ किंवा ८ बाइट असेल तर ते पूर्णांक असल्यासारखे साध्या रजिस्टरमध्ये जाते, आत फ्लोट असले तरी. इतर कुठल्याही आकाराचे असेल तर कॉल करणाऱ्याने त्याची प्रत काढायची आणि प्रतीचा पॉइंटर द्यायचा. म्हणजे आमचा तो दोन फ्लोटांचा बिंदू, जो लिनक्सवर एक्सएमएम० मध्ये जात होता, तो विंडोजवर आरसीएक्समध्ये जातो.

पण जास्त वेळ खाल्ला तो दोन बगांनी. दोघांची लक्षणे एकमेकांच्या उलट होती, म्हणून ते सविस्तर सांगतो.

पहिला बग कॉलबॅकचा, म्हणजे सीने उलट कॉल करावा म्हणून दिलेल्या आमच्या फंक्शनचा. सीमधल्या सॉर्ट फंक्शनला आम्ही आमचे तुलना करणारे फंक्शन देत होतो. लिनक्सवर आरएसआय आणि आरडीआय ही रजिस्टरे कुणीही मोकळेपणाने वापरावीत अशी आहेत. विंडोजवर ती जपायची असतात. वापरायची तर आधी साठवून शेवटी परत भरायची. एक्सएमएम६ ते एक्सएमएम१५ सुद्धा तशीच. आमचे फंक्शन ती न जपता वापरत होते. सीचा कोड ऑप्टिमायझेशनशिवाय (कोड वेगवान करणाऱ्या सुधारणांशिवाय) कंपाइल केला तर काही बिघडत नसे, कारण तेव्हा तो आपली व्हेरिएबले स्टॅकवर ठेवतो. ऑप्टिमायझेशन लावले की तो ती आरएसआयमध्ये ठेवायचा, आमचे फंक्शन त्यांवरून फिरायचे, आणि सॉर्ट चालू असताना मधेच त्याचा पॉइंटर भलतीकडे जायचा. क्रॅश आमच्या कोडमध्ये कधीच होत नसे, नेहमी सीच्या कोडमध्ये. त्यामुळे पहिले काही दिवस आम्ही भलत्याच ठिकाणी शोधत होतो.

दुसरा बग शॅडो स्पेसचा. विंडोजवर कॉल करणाऱ्याने परतीच्या पत्त्याच्या अलीकडे स्टॅकवर ३२ बाइट जागा राखून ठेवायची असते. कॉल घेणारे फंक्शन हवे तर पहिली चार आर्ग्युमेंटे त्या जागेत उतरवते. चारपेक्षा कमी आर्ग्युमेंटे असली तरी ही जागा द्यावीच लागते. आम्ही चार किंवा जास्त आर्ग्युमेंटे असतील तरच ती देत होतो. ऑप्टिमाइझ केलेला सी कोड या जागेला बहुधा हातही लावत नाही, म्हणून तिथे सगळे ठीक. ऑप्टिमायझेशन बंद असलेला सी कोड मात्र आत शिरताच आर्ग्युमेंटे त्या जागेत लिहितो, आणि तिथे आमची लोकल व्हेरिएबले होती.

म्हणजे एक बग फक्त ऑप्टिमाइझ केलेल्या सीसमोर दिसायचा आणि दुसरा फक्त न केलेल्या सीसमोर. सीच्या एकाच प्रकारच्या बिल्डसमोर टेस्ट करणाऱ्याला यांपैकी एक हमखास निसटला असता, आणि आम्हाला तो निसटलाही.

आणखी दोन गोष्टी लिनक्सच्या सवयीतून आल्या. लिनक्सवर स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट तो न हलवताही वापरता येतात. याला रेड झोन म्हणतात. विंडोजवर अशी मुभा नाही. आणि विंडोजवर एखाद्या फंक्शनला मेमरीच्या एका पानापेक्षा, म्हणजे ४०९६ बाइटांपेक्षा, जास्त स्टॅक हवा असेल तर पानामागून पान स्पर्श करत खाली उतरावे लागते, नाहीतर संरक्षक पान ओलांडून थेट क्रॅश. दोन्ही गोष्टी कळल्यावर दुरुस्त्या लहान होत्या.

समोरचे पर्याय

बॅकएंडमधल्या अटी आता दोन प्लॅटफॉर्मांमध्ये फाटल्या होत्या, आणि यादीत पुढे एआरएम६४ प्रोसेसरवरचे मॅक होते. इथे काम थांबवून आम्ही चार पर्याय मांडले.

पहिला पर्याय: स्वतःचे बॅकएंड सोडून एलएलव्हीएम हे तयार बॅकएंड वापरायचे. रजिस्टरांची वाटणी, कोणती रजिस्टरे जपायची, स्टॅकची मांडणी हे सगळे तिथे तयार मिळते. पण नेमक्या आमच्या दुखण्यावर तिथे औषध नाही. सीचे स्ट्रक्ट कसे जायचे हे एलएलव्हीएममध्ये मोठ्या प्रमाणात फ्रंटएंडने (कंपायलरच्या भाषा वाचणाऱ्या भागाने) ठरवायचे असते. एलएलव्हीएम वापरणारा सी कंपायलर क्लँग स्वतः स्ट्रक्टचे वर्गीकरण करतो आणि एलएलव्हीएमला ते योग्य आकाराच्या तुकड्यांत बदलून देतो. दुसऱ्या भाषेच्या फ्रंटएंडला तेच काम पुन्हा करावे लागते. अनेकांचा समज असतो की एलएलव्हीएम घेतले की सीशी जुळणे आपोआप येते. आमचाही तोच होता.

दुसरा पर्याय लिबएफएफआय या लायब्ररीचा. फंक्शनची सही (आर्ग्युमेंटांचे आणि उत्तराचे प्रकार) चालत्या प्रोग्रॅममध्ये वर्णन करायची आणि कॉल त्या लायब्ररीकडून करून घ्यायचा. इंटरप्रिटरसाठी (प्रोग्रॅम थेट वाचून चालवणाऱ्या साधनासाठी) हा उत्तम मार्ग आहे. आमच्या भाषेत मात्र सीचे कॉल आतल्या लूपमध्ये होत होते, आणि प्रत्येक कॉलला ही मध्यस्थी परवडणारी नव्हती.

तिसरा पर्याय मला मनापासून आवडला होता. स्ट्रक्ट घेणाऱ्या प्रत्येक सी फंक्शनसाठी आपणच एक छोटे सी फंक्शन तयार करायचे. ते फक्त पॉइंटर घेईल, आत स्ट्रक्ट उचलेल आणि खऱ्या फंक्शनला कॉल करेल. ही फाइल त्या प्लॅटफॉर्मच्या सी कंपायलरकडून कंपाइल करून घ्यायची. करार पाळायची जबाबदारी ज्याला तो नीट ठाऊक आहे त्याच्यावर. यात चूक व्हायला जागाच जवळपास नाही. अडचण एकच, पण मोठी: आमची भाषा वापरणाऱ्या प्रत्येकाच्या मशीनवर सी कंपायलर असायला हवा.

चौथा पर्याय: करार स्वतः लिहायचा, पण यावेळी योग्य जागी, म्हणजे प्रकार सपाट होण्याच्या आधी.

मतभेद तिसऱ्या आणि चौथ्यामध्ये होता. शेवटी चौथा निवडला आणि तिसरा तात्पुरता चालू ठेवला, म्हणजे वापरणाऱ्यांचे काम अडणार नव्हते. तिसऱ्या पर्यायासाठी लिहिलेला कोड पुढे किती कामाला येणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

काय केले

प्रकार तपासून झाल्यावर आणि सपाट होण्याआधी एक नवा टप्पा घातला. त्याला दिले जाते फंक्शनच्या सहीचे पूर्ण वर्णन, स्ट्रक्ट, युनियन, अ‍ॅरे, पॅडिंगसकट, आणि सोबत लक्ष्य प्लॅटफॉर्म. तो परत देतो एक आराखडा. आराखड्यात प्रत्येक आर्ग्युमेंटसाठी तुकड्यांची यादी असते: स्ट्रक्टमधले कितव्या बाइटापासूनचे, किती बाइट, कोणत्या रजिस्टरमध्ये किंवा स्टॅकवर कुठे, की प्रतीचा पॉइंटर. उत्तर कुठे येणार हेही त्यातच. बॅकएंडने यापुढे काहीही ठरवायचे नाही. आराखडा वाचायचा आणि बाइट हलवायचे.

प्रत्येक प्लॅटफॉर्मला स्वतंत्र फाइल दिली. समान दिसणारे भाग एकत्र करायचा मोह जाणूनबुजून टाळला. सिस्टिम व्ही आणि एआरएम६४ या दोन्हींत १६ बाइटांची मर्यादा भेटते, पण तिचा अर्थ वेगळा आहे. सिस्टिम व्हीमध्ये त्याहून मोठ्या साध्या स्ट्रक्टची प्रत थेट स्टॅकवरच्या आर्ग्युमेंटांत बसते. एआरएम६४ वर प्रत दुसरीकडे काढून तिचा पॉइंटर जातो. असा कोड एकत्र केला की एका प्लॅटफॉर्मची दुरुस्ती दुसऱ्याला मोडते. थोडी पुनरावृत्ती झाली, पण प्रत्येक फाइल त्या-त्या प्लॅटफॉर्मचा दस्तऐवज शेजारी उघडून ओळीशी ओळ जुळवत वाचता येते.

जे जमत नाही त्याला स्पष्ट नकार द्यायचा, असेही ठरवले. ८० बिटांचा लाँग डबल आणि १२८ बिटांचे पूर्णांक सीच्या सीमेवर आले तर कंपायलर एरर देतो. अंदाजाने पाठवलेले मूल्य चुकीचे निघाले तर ते शोधायला दिवस जातात. एरर वाचायला क्षणभर लागतो.

तपासणी

टेस्ट लिहिताना तिसऱ्या पर्यायाचा कोड पुन्हा बाहेर काढला. आमच्या सहीवरून सी फाइल तयार करणारे यंत्र हाताशी होतेच. त्याला उलटे जोडले: एक प्रोग्रॅम यादृच्छिक सही तयार करतो, त्यावरून एक फाइल सीमध्ये आणि एक आमच्या भाषेत लिहितो. प्रत्येक फील्डमध्ये वेगळे, ओळखता येईल असे मूल्य भरले जाते आणि समोरची बाजू ते तपासते. चार जोड्या चालतात: आमच्याकडून सीला, सीकडून आम्हाला, आमच्याकडून आम्हालाच, आणि सीकडून सीला. शेवटची जोडी टेस्टचीच टेस्ट आहे. ती नापास झाली तर दोष टेस्ट तयार करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. सगळे सीच्या ऑप्टिमायझेशनसह आणि त्याशिवाय, असे दोनदा चालते. याखेरीज असेंब्लीत एक छोटा सापळा लिहिला: जपायच्या सगळ्या रजिस्टरांत ठरलेली मूल्ये भरतो, आमच्या फंक्शनला कॉल करतो आणि परत आल्यावर ती तशीच आहेत का बघतो. कॉलबॅकचा तो बग या सापळ्यात पहिल्याच वेळी अडकला असता.

यातून आलेला एक शोध दस्तऐवज कितीही वाचला असता तरी लागला नसता. ८ किंवा १६ बिटांचे पूर्णांक रजिस्टरमध्ये पाठवताना वरच्या बिटांचे काय करायचे, यावर सिस्टिम व्हीचा मजकूर मौन बाळगतो. आम्ही वरचे बिट जसे असतील तसे सोडत होतो. जीसीसी या दुसऱ्या सी कंपायलरसमोर सगळे पास. क्लँगने ऑप्टिमाइझ केलेल्या कोडसमोर मात्र चुकीची उत्तरे, कारण कॉल करणाऱ्याने मूल्य ३२ बिटांपर्यंत वाढवून दिलेले आहे असे क्लँग धरून चालतो. लिहिलेला करार आणि पाळला जाणारा करार यांत असे अंतर असते. त्यानंतर आम्ही नेहमी वाढवूनच देतो, आणि घेताना मात्र समोरच्याने वाढवले आहे असे गृहीत धरत नाही.

एआरएम६४ आणि मॅक

नव्या टप्प्यामुळे एआरएम६४ चे काम पहिल्या दोनांपेक्षा कितीतरी शांतपणे झाले. आमचा जुना दोन फ्लोटांचा बिंदू इथे तिसऱ्याच वाटेने जातो. एकाच दशांश प्रकाराची एक ते चार फील्डे असलेल्या स्ट्रक्टला इथे खास वागणूक आहे: प्रत्येक फील्ड स्वतंत्र दशांश रजिस्टरमध्ये. म्हणजे एक्स जातो एस० मध्ये आणि वाय एस१ मध्ये. लिनक्सवर जी वाटणी करून आम्ही सुरुवातीला तोंडघशी पडलो होतो, तीच इथे बरोबर आहे. चार डबलांचे ३२ बाइटांचे स्ट्रक्टही असेच डी० ते डी३ मध्ये जाते.

एक चूक तरीही झाली, आणि ती यादृच्छिक टेस्टनेच पकडली. सात पूर्णांक, मग १६ बाइटांचे पूर्णांकांचे स्ट्रक्ट, मग आणखी एक पूर्णांक. आठपैकी सात रजिस्टरे भरली, स्ट्रक्टला दोन हवीत, शिल्लक एक. स्ट्रक्ट अर्धे-अर्धे विभागत नाही, ते पूर्ण स्टॅकवर जाते. सिस्टिम व्हीमध्ये अशा वेळी उरलेले रजिस्टर पुढच्या पूर्णांकाला मिळते. एआरएम६४ मध्ये नाही. स्ट्रक्ट मावले नाही की रजिस्टरांची मोजणी संपली असे मानायचे, आणि शेवटचा पूर्णांकही स्टॅकवर. माझ्या हाताने सिस्टिम व्हीचा नियम सवयीने उतरला होता. हाताने लिहिलेल्या एकाही टेस्टमध्ये ही मांडणी नव्हती, आणि कुणी ती मुद्दाम लिहिली असती असे वाटत नाही.

मॅकवर त्याहून मोठा प्रश्न उभा राहिला, आणि तो आमच्या भाषेच्या रचनेपर्यंत पोहोचला. प्रिंटएफसारख्या बदलत्या संख्येची आर्ग्युमेंटे घेणाऱ्या फंक्शनांसाठी आमच्या भाषेत वेगळी खूण नव्हती. प्रोग्रॅमर लागेल तशी सही लिहायचा: एक स्ट्रिंग, एक इंट. लिनक्सवर हे दशांश संख्यांपुरते अडखळे, कारण तिथे अशा कॉलच्या वेळी किती एक्सएमएम रजिस्टरे वापरली ते एएल या रजिस्टरमध्ये सांगावे लागते. त्यावर आम्ही सरसकट प्रत्येक बाहेरच्या कॉलला एएल भरून मलमपट्टी केली होती. विंडोजवर दशांश मूल्य पूर्णांक रजिस्टरमध्येही ठेवावे लागते. तिथेही तीच युक्ती चालली. अ‍ॅपलच्या एआरएम६४ वर मात्र युक्तीला वावच नाही. तिथे नाव असलेली आर्ग्युमेंटे रजिस्टरमध्ये जातात आणि त्यापुढची सगळी स्टॅकवर, प्रत्येकी ८ बाइटांच्या खणात. आम्ही इंट एक्स१ मध्ये ठेवत होतो आणि प्रिंटएफ तो स्टॅकवर शोधत होता. नाव असलेली आर्ग्युमेंटे कुठे संपतात हे सहीत लिहिल्याशिवाय योग्य कोड तयार होणे शक्यच नव्हते.

इथे निर्णय जड होता. एक मार्ग म्हणजे ओळखीच्या फंक्शनांची यादी कंपायलरमध्ये ठेवून बाकी सगळे तसेच सोडायचे. दुसरा म्हणजे भाषेत नवी खूण आणायची आणि जुन्या सह्या दुरुस्त करायला सगळ्यांना लावायचे. आम्ही दुसरा घेतला. जुना कोड मोडला, तक्रारी आल्या, आणि त्या रास्त होत्या. यादीचा मार्ग मात्र वापरणाऱ्याच्या स्वतःच्या सी फंक्शनपाशी पहिल्याच दिवशी हरला असता.

मॅकची आणखी दोन वैशिष्ट्ये फाइलमध्ये वेगळी नोंदवली. स्टॅकवर गेलेली आर्ग्युमेंटे तिथे आठ बाइटांना न जुळवता आपापल्या आकाराप्रमाणे दाटीने बसतात. आणि एक्स१८ रजिस्टर प्लॅटफॉर्मसाठी राखीव आहे, त्याला हात लावायचा नाही.

निष्पत्ती

तिन्ही लक्ष्यांवर सीशी दोन्ही दिशांनी व्यवहार चालू आहे. बॅकएंडमधल्या सगळ्या जुन्या अटी काढून टाकल्या. यादृच्छिक टेस्ट रोज रात्री चालतात. नापास झाली की यादृच्छिक सही ज्यापासून तयार झाली तो सुरुवातीचा आकडा छापतात, त्यामुळे तीच सही पुन्हा तयार करता येते, आणि आर्ग्युमेंटे एकेक कमी करत सही आपोआप लहान केली जाते.

एक भाग उशिरा झाला आणि त्याची किंमत मोजावी लागली: विंडोजवरची स्टॅक उलगडण्याची माहिती. दुसऱ्या फंक्शनला कॉल करणाऱ्या किंवा स्टॅक हलवणाऱ्या प्रत्येक फंक्शनचा आरंभ काय-काय करतो, हे तिथे वेगळ्या तक्त्यात लिहून द्यावे लागते. ते नसेल तर आमच्या फंक्शनवरून जाणारे एक्सेप्शन पुढे जाऊ शकत नाही आणि डीबगरही वाट चुकतो. आम्ही हे कोड तयार करण्याचे काम समजलोच नव्हतो, नंतरचे सजावटीचे काम समजलो. प्रत्यक्षात त्यासाठी फंक्शनांच्या आरंभाची सगळी मांडणी पुन्हा लिहावी लागली.

पुन्हा करायचे झाले तर

भाषेतले पहिले स्ट्रक्ट आर्ग्युमेंट चालवण्याआधी मी सीसमोरची टेस्ट लिहीन. दोन ओळींचे सी फंक्शन आणि दोन फ्लोटांचा बिंदू एवढ्याने पहिल्या दिवशीच समज बदलला असता.

दोन फ्लोट जोडणारी ती पहिली अट मी घालणार नाही. त्या क्षणी प्रश्न विचारायला हवा होता तो असा: हे ठरवायला लागणारी माहिती या टप्प्यावर आहे का? ती नव्हती, आणि पुढची प्रत्येक अट त्याचीच खूण होती. त्याऐवजी तिसरा पर्याय, पॉइंटर घेणारी छोटी सी फंक्शने, तेव्हाच सुरू केला असता तर वापरणाऱ्यांना योग्य उत्तरे मिळाली असती आणि आम्हाला नीट विचार करायला वेळ.

बदलत्या आर्ग्युमेंटांची खूण पहिल्या आवृत्तीतच असायला हवी होती. तेव्हा ती आणायला एक दुपार पुरली असती.

एका निर्णयाबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. आमच्याच भाषेतली फंक्शने एकमेकांना कॉल करतात तेव्हाही आम्ही सीचाच करार पाळतो. गो भाषेने २०२१ साली १.१७ आवृत्तीत आर्ग्युमेंटे स्टॅकऐवजी रजिस्टरांतून पाठवायला सुरुवात केली आणि सुमारे ५ टक्के वेग मिळाल्याचे नोंदवले; स्वतःचा अंतर्गत करार स्वतः ठरवण्याची मोकळीक असल्यामुळेच त्यांना ते जमले. आम्हीही मोठी स्ट्रक्ट जास्त रजिस्टरांतून पाठवू शकतो. माझे मत असे की अंतर्गत करार वेगळा करायचाच असेल तर तो चौथी फाइल म्हणून यावा, याच आराखड्याच्या रूपात. नाहीतर कॉलबॅक म्हणून सीला दिलेले आमचे फंक्शन नेमके कोणत्या कराराचे आहे, हा प्रश्न बॅकएंडमध्ये पुन्हा अटी बनून येईल.

सध्या हातात असलेले लक्ष्य म्हणजे एआरएम६४ वरचे विंडोज. तिथे बदलत्या आर्ग्युमेंटांच्या फंक्शनांना दशांश संख्याही पूर्णांक रजिस्टरांतूनच जातात आणि एक ते चार दशांश फील्डांच्या स्ट्रक्टची ती खास वागणूकही अशा कॉलमध्ये बंद होते. त्यासाठी नवी फाइल उघडली आहे, आणि यावेळी तिच्या आधी टेस्ट चालू केल्या आहेत.